सोनोग्राफीतलं बाळाचं वजन: रिपोर्टमधला आकडा कसा वाचायचा

ग्रोथ स्कॅन, म्हणजे बाळाची वाढ पाहणारी सोनोग्राफी, करून बाहेर आलेलं जोडपं रिपोर्टमध्ये आधी एकच ओळ शोधतं, बाळाचं अंदाजे वजन. तिथे ‘२,६४० ग्रॅम’ असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा असा नेमका, की बाळ तराजूवरून आत्ताच उतरलं असं वाटावं. मग लगेच फोन सुरू होतात. ‘डॉक्टर, कमी आहे का?’, ‘डॉक्टर, जास्त आहे का?’, ‘मागच्या वेळी दुसरीकडे वेगळं सांगितलं होतं, मग खोटं कोण?’

बहुतेक वेळा खोटं कुणीच नसतं. पोटातल्या बाळाचं वजन कुणी केलेलंच नसतं. आपण त्याचं डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतो आणि त्या मापांवरून वजनाचा हिशेब लावतो. हा हिशेब कसा होतो, त्यात चूक किती असते आणि ती कुठून येते, हे एकदा कळलं की रिपोर्ट हातात आल्यावर घाबरायचं कधी आणि निवांत राहायचं कधी हे बरंचसं उमगतं. पहिल्यांदाच आई-बाबा होणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. सोनोग्राफी नुकती शिकायला घेतलेल्यांनाही उपयोग होईल.

पायरी १: वजन बाजूला ठेवा, आधी आठवडे तपासा

वजन कमी की जास्त हे आठवड्यांशिवाय ठरतच नाही. म्हणून रिपोर्ट उघडल्यावर पहिला प्रश्न हा, की गर्भाचं वय कशावरून धरलं आहे? शेवटच्या पाळीच्या तारखेवरून, की पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून?

पहिल्या तिमाहीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, तिला सीआरएल म्हणतात. त्या वयात बहुतेक बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे सीआरएलवरून काढलेलं वय साधारण आठवडाभराच्या आत बरोबर येतं. शेवटच्या महिन्यांत तसं होत नाही. तिथे प्रत्येक बाळ आपापल्या चणीचं झालेलं असतं आणि मापांवरून वय काढायला गेलं तर दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. म्हणून एकदा पहिल्या स्कॅनवरून ठरलेली तारीख पुढे बदलायची नाही. ३४ आठवड्यांच्या रिपोर्टमध्ये ‘मापांनुसार ३२ आठवडे’ असं दिसलं तर बाळाचं वय कमी झालेलं नसतं. बाळ त्या वयाच्या मानाने लहान मोजलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

तारखेची चूक किती महागात पडते ते पाहा. हॅडलॉक या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९१च्या तक्त्यात ३४ आठवड्यांचं मधलं वजन सुमारे २,३८० ग्रॅम आहे आणि ३६ आठवड्यांचं सुमारे २,८१० ग्रॅम. समजा बाळ खरं ३४ आठवड्यांचं आहे आणि अगदी मधल्या रेषेवर आहे, पण पाळीची तारीख चुकल्यामुळे कागदावर ३६ आठवडे धरले गेले. तेच धडधाकट बाळ आता १०व्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे त्या वयाच्या १०० बाळांत लहान बाजूने दहाव्या जागेच्या, काठाला जाऊन बसतं. बाळात काहीच बदललेलं नसतं, फक्त तारीख चुकलेली असते.

पायरी २: चार मापांची अक्षरं ओळखा

रिपोर्टच्या तक्त्यात बीपीडी, एचसी, एसी आणि एफएल अशी चार मापं असतात. बीपीडी म्हणजे डोक्याची रुंदी, एचसी डोक्याचा घेर, एसी पोटाचा घेर आणि एफएल मांडीच्या हाडाची लांबी.

हाडाची मापं घेणं तुलनेने सोपं. मांडीचं हाड पडद्यावर शक्यतो आडवं दिसावं आणि त्याची दोन्ही टोकं स्पष्ट हवीत. डोक्याच्या घेरासाठी मेंदूचे दोन्ही अर्धे भाग सारखे दिसायला हवेत, मधली रेषा पुढच्या बाजूला एका छोट्या चौकोनी पोकळीपाशी तुटलेली हवी आणि लहान मेंदू चित्रात नको. बीपीडीवर मी एकटा भरवसा ठेवत नाही. बाळ पायाळू असेल किंवा बाळाभोवतीचं पाणी कमी असेल तर डोकं दोन्ही बाजूंनी चेपून लांबट होतं. तेव्हा रुंदी कमी भरते, पण घेर फारसा बदलत नाही.

खरी गंमत आणि खरी अडचण आहे ती पोटाच्या घेरात. यकृत तिथेच असतं. बाळाला पोषण नीट मिळत असेल तर यकृतात साखरेचा साठा होतो, कातडीखाली चरबी धरते आणि पोट भरतं. वारेकडून पुरवठा कमी पडायला लागला की बाळ मेंदूला जपतं आणि पोट मागे पडतं. आईला मधुमेह असेल तर उलट पोटच जास्त फुगतं. म्हणजे बाळाच्या तब्येतीची सगळ्यात जास्त बातमी देणारं माप हेच, आणि बिनचूक घ्यायला सगळ्यात अवघडही हेच. त्याला हाडाची कड नाही, बाळ श्वासाच्या हालचाली करत असतं, बरगड्यांच्या सावल्या पडतात आणि प्रोब, म्हणजे आईच्या पोटावर फिरवायचं मशिनचं टोक, जरा जोरात दाबला की गोल पोटाचं अंडं होतं.

चांगला काप, म्हणजे पडद्यावर दिसणारा पोटाचा आडवा छेद, कसा ओळखायचा? पोट शक्य तितकं गोल हवं. जठराचा काळा फुगा दिसायला हवा. नाळेच्या शिरेचा छोटासा तुकडा पोटाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात, आत वळताना दिसायला हवा. मूत्रपिंडं दिसता कामा नयेत. ती शीर पुढच्या कातडीपासून आतपर्यंत सलग दिसत असेल तर काप तिरका गेला असं समजा. तिरक्या कापाचा घेर नेहमी जास्त भरतो. काकडी तिरकी कापली की चकती मोठी होते, तसंच.

शिकत असताना हीच चूक माझ्या हातून झाली होती. दिवस भरत आलेल्या एका बाईंच्या बाळाचं पोट मी ३७ सेंटिमीटर मोजलं आणि वजन आलं ३,८३० ग्रॅम. त्या घाबरल्या. ‘एवढं मोठं बाळ मला झेपेल का?’ म्हणून रडायला लागल्या. माझ्या वरिष्ठांनी चित्र पाहिलं, काही न बोलता प्रोब हातात घेतला, जरासा फिरवला आणि घेर ३४.५ आला. डोकं तेच, मांडीचं हाड तेच, आणि वजन ३,४१४ ग्रॅम. दोन दिवसांनी बाळ जन्मलं ते ३,३६० ग्रॅमचं. त्या दिवसापासून पोटाचा घेर मी प्रोब उचलून, नव्याने काप शोधून, तीनदा घेतो आणि सरासरी धरतो. वेळ लागतो, पण त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो.

पायरी ३: सूत्र कोणतं वापरलं ते पाहा

इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोहून पोटातल्या गाठींच्या सोनोग्राफीवरचा गाजलेला लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला, त्यात गर्भाचीही चित्रं होती. मापांवरून वजन काढायची सूत्रं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. १९७५ मध्ये कॅम्पबेल आणि विल्किन यांनी फक्त पोटाच्या घेरावरून वजन काढलं. १९८२ मध्ये शेपर्ड यांनी डोक्याची रुंदी आणि पोट एकत्र घेतलं. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधल्या फ्रँक हॅडलॉक यांनी डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांना जोडणारी सूत्रं दिली. आजही बहुतेक मशिनमध्ये तीच भरलेली असतात, रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात ‘हॅडलॉक’ असं सापडेल.

त्यानंतर डझनावारी सूत्रं निघाली. २०१८ मध्ये अशा ७० सूत्रांची तुलना ५,१६३ गर्भारपणांवर झाली आणि सरस ठरलं ते १९८५ चं, एचसी, एसी आणि एफएल घेणारं हॅडलॉकच. माझंही मत तेच आहे: नवं सूत्र शोधण्यापेक्षा जुन्या सूत्रात चांगलं माप घालणं जास्त मोलाचं.

त्याच सूत्रात आकडे घालून पाहिलं की कोणतं माप किती जड ते कळतं. डोक्याचा घेर ३३ सेंटिमीटर, पोटाचा ३३ आणि मांडीचं हाड ७ सेंटिमीटर घेतलं तर वजन येतं ३,००२ ग्रॅम. आता डोक्याचा घेर १ सेंटिमीटरने वाढवा, वजन सुमारे ७५ ग्रॅमने वाढतं. मांडीचं हाड १ मिलिमीटरने वाढवा, फक्त ३५ ग्रॅम. पोटाचा घेर १ सेंटिमीटरने वाढवा, जवळपास १५० ग्रॅम. आणि पोटाचा घेर मोजताना एका सेंटिमीटरचा फरक दोन चांगल्या हातांतही पडू शकतो.

पायरी ४: एका आकड्याचे दोन आकडे करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून कागद-पेन घेऊन बसा.

हॅडलॉक यांच्या सूत्राची चूक सांख्यिकीच्या भाषेत सुमारे ७.५ टक्के एक प्रमाण विचलन इतकी आहे. सोप्या शब्दांत, तीनपैकी दोन बाळांचं खरं वजन अंदाजाच्या ७.५ टक्के आगेमागे असतं आणि १०० पैकी ९५ बाळांचं १५ टक्के आगेमागे. म्हणून रिपोर्टमधल्या वजनाचे १५ टक्के काढा, ते एकदा वजा करा आणि एकदा मिळवा. २,६४० चे १५ टक्के ३९६. मग तुमच्या बाळाचं वजन बहुधा २,२४४ ते ३,०३६ ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी आहे. बरीच मशिन हा ‘अधिक-उणे’ आकडा वजनाच्या शेजारी छापतात, पण तिकडे कुणाची नजर जात नाही.

३,००० ग्रॅमच्या अंदाजाचा पट्टा २,५५० ते ३,४५०. आता विचार करा: एका ठिकाणी २,८०० आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे ३,१०० आलं, तर दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात.

हा दोष अडाणी हातांचा नव्हे. २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा कोणत्याच पद्धतीत हा ९५ टक्क्यांचा पट्टा जन्मवजनाच्या १४ टक्क्यांपेक्षा अरुंद निघाला नाही. वर सांगितलेल्या २०१८च्या तुलनेत स्कॅन आणि जन्म यांच्यात फार तर दोन दिवसांचं अंतर होतं, तरीही सर्वोत्तम सूत्राने १० टक्क्यांच्या आत पकडलेली बाळं ८० टक्केच होती. म्हणजे सगळं जुळून आलं तरी पाचातलं एक बाळ त्याच्या बाहेर.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अगदी लहान बाळांचं वजन सूत्रं बहुतेकदा थोडं जास्त सांगतात आणि खूप मोठ्या बाळांचं थोडं कमी. दोन्ही टोकांना सूत्र मधल्याकडे ओढतं, आणि अचूकतेची खरी गरज तर टोकांनाच असते.

पायरी ५: चूक वाढवणाऱ्या गोष्टी रिपोर्टमध्ये शोधा

पाणी कमी असणं, डोकं खाली कटीत घट्ट बसलेलं असणं, जुळी बाळं, आईच्या पोटावर चरबीचा जाड थर, बाळाची अडचणीची ठेवण, या सगळ्यांनी चित्र बिघडतं. काही बाळांना तर सूत्रच लागू पडत नाही. डोक्यात पाणी साठलेलं, पोटात पाणी साठलेलं, पोटाची भिंत उघडी राहून आतडी बाहेर आलेली किंवा हाडं जन्मजात आखूड असलेली बाळं सूत्र तयार करताना धरलेलीच नव्हती. अशा रिपोर्टमधल्या वजनावर मी कधीच निर्णय घेऊ देत नाही.

आणि स्कॅनची तारीख पाहा. शेवटच्या दोन महिन्यांत बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅमने वाढतं. तीन आठवड्यांपूर्वीचा अंदाज जन्मवजनाशी ताडून ‘सोनोग्राफी चुकली’ म्हणणं न्यायाचं नाही.

पायरी ६: दोन रिपोर्टची तुलना घाईने करू नका

पुन्हा पायरी १ मधलं मधल्या रेषेवरचं बाळ घेऊ. ३४ आठवड्यांना खरं वजन २,३७७ आणि ३५ आठवड्यांना २,५९५ ग्रॅम. बाळ उत्तम वाढतं आहे. पहिल्या स्कॅनमध्ये माप ७ टक्के जास्त आलं, म्हणून रिपोर्ट २,५४३. आठवड्याने दुसऱ्यात ७ टक्के कमी आलं, म्हणून रिपोर्ट २,४१३. कागदावर बाळ आठवड्यात १३० ग्रॅमने रोडावलं! दोन्ही चुका नेहमीच्याच मर्यादेतल्या, कुणाचा हलगर्जीपणा नाही, पण घरात मात्र रडारड.

म्हणून वाढ पाहण्यासाठीच्या दोन स्कॅनमध्ये निदान दोन, शक्यतो तीन आठवडे जाऊ द्यायचे. तेवढ्या काळात खरी वाढ मोजमापाच्या चुकीपेक्षा मोठी होते आणि दिसायला लागते. जमलं तर तेच मशिन, तोच तज्ज्ञ आणि तोच तक्ता ठेवा. मध्ये दर आठवड्याला तपासणी लागलीच तर ती पाण्याची आणि डॉप्लरची, म्हणजे रक्तप्रवाहाची, असते. तेव्हाही वजन छापून आलं तर ते वाचून जीव घाबरा करू नका.

पायरी ७: पर्सेंटाइल कोणत्या तक्त्यावरचं ते विचारा

१०वं पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या १०० बाळांना वजनानुसार रांगेत उभं केलं तर आपलं बाळ लहान बाजूने दहावं. परीक्षेतले दहा टक्के गुण नव्हेत ते. पण रांगेतली ही १०० बाळं कोणाची? हॅडलॉक यांच्या १९९१च्या तक्त्यामागे ह्यूस्टनमधल्या ३९२ गोऱ्या, मध्यमवर्गीय स्त्रिया आहेत. इंटरग्रोथ-२१ या प्रकल्पाने ८ देशांतल्या निरोगी, पोषण चांगलं असलेल्या स्त्रिया घेतल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये १० देशांतल्या मापांवरून तक्ता काढला. त्यामुळे एकच वजन एका तक्त्यावर ८व्या आणि दुसऱ्यावर १५व्या पर्सेंटाइलला पडलं तर नवल नाही. एक रिपोर्ट एका तक्त्यावर आणि पुढचा दुसऱ्या तक्त्यावर असेल तर तुलनेत अर्थ उरत नाही.

पायरी ८: ‘लहान’ लिहिलं असेल तर

लहान चणीचं बाळ आणि उपाशी बाळ यांत फरक आहे, आणि तो वजनाच्या आकड्यावरून कळत नाही. नाळेच्या रक्तवाहिनीचा डॉप्लर, बाळाच्या मेंदूकडच्या रक्तवाहिनीचा डॉप्लर, पाणी आणि दोन स्कॅनमधली वाढ यांवरून तो कळतो. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या व्याख्येत वजन किंवा पोटाचा घेर ३ऱ्या पर्सेंटाइलच्या खाली असेल तर तेवढ्यावर वाढ खुंटली असं म्हणता येतं. ३ ते १० च्या मध्ये असेल तर जोडीला आणखी एखादी खूण लागते. बाळ ९व्या पर्सेंटाइलला, पाणी छान, डॉप्लर छान आणि वाढ आपल्याच रेषेवर चाललेली, तर मी आईला सांगतो की बाळ लहान चणीचं आहे, पुढचं स्कॅन ठरलेल्या दिवशी करू. ८०व्यावरून २५व्याला घसरलेलं बाळ मात्र कुठल्याच रेषेखाली नसूनही मला बेचैन करतं.

पायरी ९: ‘मोठं’ लिहिलं असेल तर

इथे जरा थांबतो, कारण या एका शब्दामुळे गरज नसताना झालेली सिझेरियन मी पाहिली आहेत. भीती असते खांदा अडकण्याची आणि त्यातून बाळाच्या हाताच्या नसा दुखावण्याची. भीती खरी आहे. पण खांदा अडकण्याच्या जवळपास निम्म्या घटना ४,००० ग्रॅमपेक्षा लहान बाळांत होतात, आणि मोठी म्हटलेली बहुतेक बाळं विनासायास जन्मतात.

१९९६ मध्ये अमेरिकेत याचा हिशेब मांडला गेला. सोनोग्राफीत ४,५०० ग्रॅमच्या वर अंदाज आला की सिझेरियन करायचं, असं मधुमेह नसलेल्या मातांसाठी ठरवलं तर हाताची एक कायमची इजा टाळायला ३,६९५ सिझेरियन करावी लागतील. मधुमेह असलेल्यांत ४४३. म्हणून तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचना सांगतात की ठरवून सिझेरियन करण्याचा विचार मधुमेह नसेल तर ५,००० ग्रॅमपासून आणि मधुमेह असेल तर ४,५०० पासून करता येईल. ‘विचार’ हा शब्द त्यात मुद्दाम आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये ३,७०० असेल आणि मधुमेह नसेल, तर फक्त त्या आकड्यासाठी शस्त्रक्रियेला हो म्हणण्याआधी डॉक्टरांशी बसून नीट बोला.

पायरी १०: दुसऱ्या पद्धती किती खऱ्या

पोटावर हात ठेवून वजन सांगणारे अनुभवी डॉक्टर आणि सुईणी दिवस भरलेल्या बाळाच्या बाबतीत सोनोग्राफीच्या फार मागे नसतात. लहान बाळ हेरण्यात मात्र हात कमी पडतो. टेपने गर्भाशयाची उंची मोजून, त्यातून ठरावीक आकडा वजा करून १५५ ने गुणायची जॉन्सन यांची रीत १९५४ची आहे आणि सोनोग्राफी हाताशी नसेल तिथे अजूनही कामी येते. १९९२ च्या एका अभ्यासातली गोष्ट मला फार आवडते: आधी बाळंतपण झालेल्या आयांनी कळा सुरू असताना स्वतः सांगितलेला अंदाज डॉक्टरांच्या आणि मशिनच्या अंदाजाइतकाच जवळ निघाला. दुसरेपणाची आई ‘हे मागच्यापेक्षा मोठं वाटतंय’ म्हणाली तर मी ते कागदावर लिहून ठेवतो.

एमआरआयवर बाळाच्या शरीराचं आकारमान काढून वजन ठरवलं तर चूक बरीच कमी होते, पण ती तपासणी महाग आणि वेळखाऊ, म्हणून रोजच्या कामात नाही. थ्री-डी सोनोग्राफीने मांडीच्या मधल्या भागाचं आकारमान मोजलं की मऊ पेशी हिशेबात येतात. तेही अजून मोजक्याच ठिकाणी होतं.

तपासणीला जाताना

डॉक्टरांना एवढं विचारा: तारीख कोणत्या स्कॅनवरून धरली? पोटाचा घेर कितव्या पर्सेंटाइलला आहे? पाणी आणि डॉप्लर कसे आहेत? मागच्या रिपोर्टपासून बाळ आपल्या रेषेवर आहे का? आणि या वजनामुळे आपल्या ठरवलेल्या गोष्टींत काही बदलणार आहे का?

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली तर मात्र रिपोर्टमध्ये वजन कितीही चांगलं असो, वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि जाताना सगळे रिपोर्ट तारखेने लावलेली फाइल घ्या, पहिल्या तिमाहीतला सगळ्यात वर.